चवींच्या वाटेवरचं सहावं गाव

तोगावा, ११ एप्रिल २०१७

आदरणीय हात्सुए आत्या,

इथे खाली चेरी फुलून गळायलाही लागली. तुमच्याकडे ओकुमातात घरांमागे अजून बर्फ असेल. परवा फोन केला होता, पण तुम्ही तीनदा "कोण बोलतंय?" म्हणालात आणि ठेवून दिलात. म्हणून पत्र लिहितोय.

मी हिदेनोरी, तुमच्या चुलतभावाचा, नोबुयासुचा मुलगा. बाबा गेले तेव्हा शेवटचे भेटलो होतो. ओसाकातली नोकरी सोडून फेब्रुवारीपासून इथल्या कचेरीत लागलोय, पर्यटन विभागात. करार तीन वर्षांचा आहे. बायको म्हणाली, "बापानं लाथ मारून सोडलं ते खोरं, आणि तू परत चाललास?" ती आली नाही.

काम असं आहे. तोगावापासून तुमच्या गावापर्यंत नदीकाठाने जो रस्ता वर चढतो, त्यावर सहा गावं आहेत. प्रत्येक गावाचा एकेक पदार्थ निवडून त्या सगळ्यांची एक वाट करायची. खाली सोबाच्या शेवया, मग काठीला लावून भाजलेला मासा, मग मिसोची चटणी लावलेलं टोफू, असं खात खात लोक वर येतील, डोंगर बघतील. नाव ठेवलंय 'चवींची वाट', आणि तिचा नकाशा छापणार आहोत. शेवटचं गाव तुमचं, आणि तुमचा पदार्थ तोचीची मोची, तांदळाबरोबर कुटून केलेले ते गोळे. ती आता या खोऱ्यात फक्त तुम्ही आणि शेजारच्या किनुयोबाईच करता, असं सगळे सांगतात.

खरं कारणही सांगतो. वरच्या गावांची बस बंद करायचं कचेरीत घाटतंय. बसमध्ये माणसंच नसतात, असं त्यांचं म्हणणं. लोक येताना दिसले तर बस राहील. बस राहिली तर महिन्यातून दोनदा येणारे डॉक्टर राहतील.

दर रविवारी पन्नास-साठ मोची करता येतील का? तुमच्या होकाराची वाट बघतो.

आपला,
हिदेनोरी


ओकुमाता, २३ एप्रिल

हिदे,

तुझं पत्र किनुयोने मोठ्याने वाचलं. मला वाचता येतं, पण तिला वाचून दाखवायची हौस. माझ्या कानाला तोंड लावून ओरडते, म्हणून तोकुइची त्याच्या अंगणातून म्हणाला, "काय गं, भांडताय का?" तेवढे तिघंच आहोत आम्ही आता गावात. घरं अकरा, माणसं तीन. तुझ्या नकाशावर लिहायला हे बरं दिसायचं नाही.

तुला तोची म्हणजे काय ठाऊक आहे का? दिसायला चेस्टनटसारखी, पण तशीच खाल्लीस तर तोंड आठवडाभर कडू. सप्टेंबरात पडते ती वेचायची, टिकवायची तर महिनाभर उन्हात वाळवायची. मग भिजवायची, एकेक फोडून सोलायची, ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायची, फेस यायचा थांबेपर्यंत. त्यानंतर ओकच्या राखेत मुरवायची, आणि मग कुठे तांदळाबरोबर कुटायची. राख कमी पडली तर कडू, जास्त पडली तर लगदा. मला साठ वर्षांत ती राख कधी जमली नाही. किनुयो बोटाने चाटते आणि सांगते. कसं कळतं विचारलं तर म्हणते, "जिभेला कळतं, मला कुठे कळतं?"

मी तिला म्हटलं, नाही म्हणून कळवते. आपण दोघी मिळून एकशे पंचावन्न वर्षांच्या. संध्याकाळी बघते तर बाई माळ्यावर चढलेली, वाळवलेल्या तोचीची पोती मोजत होती. चार आहेत. तिचा नवरा गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, ही धड जेवत नव्हती. तुला खोटं वाटेल, पण अंगावर एकच कपडा आठवडा आठवडा असायचा. काल तिने जुना अॅप्रन धुऊन दोरीवर घातला.

तेव्हा हो म्हणते. तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठी. आणि डॉक्टरसाठी, कारण तोकुइचीला गुडघ्याच्या गोळ्या लागतात आणि त्या संपल्या की तो आमचं डोकं खातो.

बायको आली नाही हे बरं केलं तिने. इथली थंडी सोसली नसती.

हात्सुए


तोगावा, २ जून

आदरणीय आत्या,

तुम्ही होकार दिलात त्या दिवशी मी कचेरीत सगळ्यांना चहा पाजला. सोबत छापील नकाशा पाठवतोय. सहावं गाव तुमचं, सगळ्यात वर, डोंगराच्या खाली. आमचे साहेब ओनुमा म्हणाले, "शेवटचं गावच लोकांना खेचून नेईल. मधली पाच ही वाटेतली." ते सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत.

२५ जूनला सुरुवात. मी स्वतः पहिल्या बसने येतो. किनुयोबाईंना नमस्कार सांगा.

हिदेनोरी


ओकुमाता, १९ जुलै

हिदे,

चार रविवार झाले. तू पहिल्याला आलास आणि सगळ्यांच्या पुढे नमस्काराला वाकत राहिलास. पुढचं तुला कळावं म्हणून लिहिते.

लोक येतात. खरंच येतात. पहिल्यांदा बस भरून आली तेव्हा तोकुइची घरात जाऊन दार लावून बसला. त्याला वाटलं कुणीतरी गेलं, मयताला आलेत. आता तोच थांब्यावर उभा राहतो, टोपी घालून, आणि विचारल्याशिवाय सगळ्यांना अस्वलांच्या गोष्टी सांगतो. त्यातल्या अर्ध्या त्याच्या काकाच्या आहेत.

परवा एक बाई आली, नखं रंगवलेली. मोची हातात घेतली, फोटो काढला, नवऱ्याच्या हातात दिली, त्याचा फोटो काढला, आणि परत ठेवून दिली. किनुयो म्हणाली, "अहो, ती खायची असते." बाई म्हणाली, "मला कडू चालत नाही." किनुयो म्हणाली, "कडू असती तर मी जीव दिला असता." मग बाईने खाल्ली. चार घेऊन गेली. किनुयो दिवसभर त्या बाईची नक्कल करत हिंडत होती.

दुसरा एक म्हातारा आला, खालच्या कुठल्या शहरातला. त्याने एक घास घेतला आणि ओट्यावर बसून रडायला लागला. त्याची आई करायची म्हणे. किनुयो नुसता चहा ओतत राहिली. तो गेल्यावर मला म्हणाली, "हात्सुए, मला वाटायचं हे आपल्याबरोबर संपणार."

साठ पुरत नाहीत. ऐंशी करतो. चार पोत्यांतली तीन उरलीत, पुढच्या महिन्यानंतर नवी तोची पडेल, तेव्हा काळजी नाही.

बसचं काय ठरलं? किनुयो रोज विचारते.

हात्सुए


तोगावा, २८ ऑगस्ट

आदरणीय आत्या,

उत्तराला उशीर झाला, माफ करा. या दोन महिन्यांत आमच्या अंदाजाच्या तिप्पट माणसं आली. वाटेवरच्या पहिल्या गावात, शिमोझावात, बंद पडलेलं सोबाचं दुकान उघडलं. वर्तमानपत्रात छापून आलं, ते कात्रण सोबत आहे. फोटोत किनुयोबाई हसताहेत आणि तुम्ही कॅमेऱ्याकडे रागाने बघताय.

आणखी एक मोठी बातमी. १५ ऑक्टोबरला टीव्हीवाले येणार आहेत. पानं लाल होतील तेव्हा पूर्ण वाट दाखवायची आणि शेवट तुमच्या अंगणात करायचा, अशी त्यांची कल्पना आहे. किनुयोबाईंनी राख कशी बघायची ते दाखवलं तर फार बरं. त्या रविवारी दोनशे मोची लागतील, आणि त्यानंतर महिनाभर दर रविवारी साधारण तेवढ्याच. जमेल ना? नाही म्हणू नका. सगळं या एका महिन्यावर आहे.

बसचं बोलणं चालू आहे. वातावरण चांगलं आहे, एवढंच सध्या सांगतो.

हिदेनोरी


ओकुमाता, १४ सप्टेंबर

हिदे,

दोनशे होतील. काळजी करू नकोस. तोची यंदाही आहे. किनुयो म्हणते टीव्हीवर जायचं तर केस काळे करायला हवेत. मी म्हटलं, कोळसा फास.

वेचायला सुरुवात केली आहे, म्हणून जास्त लिहीत नाही.

हात्सुए


तोगावा, १ ऑक्टोबर

आदरणीय आत्या,

टीव्हीच्या माणसांशी सगळं पक्कं झालं. १५ला सकाळी अकराला ती तुमच्याकडे पोचतील. ओनुमासाहेबही येणार. दोनशेची पुन्हा एकदा आठवण करून देतो. कमी पडू देऊ नका, एवढीच विनंती. तुमच्या भरवशावर शब्द दिलाय.

हिदेनोरी


ओकुमाता, २० नोव्हेंबर

हिदे,

किनुयोच्या अंत्यविधीला तू आलास, वाकलास, आणि तासभर माझ्या शेजारी बसून राहिलास. लोक होते, म्हणून तेव्हा सांगितलं नाही. आता लिहिते, कारण हे कुणाला तरी माहीत असायला हवं आणि तोकुइचीला सांगून उपयोग नाही, तो ऐकता ऐकता उठून जातो.

मी तुला खोटं लिहिलं होतं. यंदा तोची पडलीच नाही. मे महिन्यात मोहोर असताना गारठा आला होता, तेव्हाच कळायला हवं होतं. सप्टेंबरात आमच्या नेहमीच्या सात झाडांखाली मिळून एक टोपली झाली, त्यातही निम्म्या किडलेल्या. तुझं पत्र समोर होतं. 'सगळं या एका महिन्यावर आहे.' किनुयो म्हणाली, "त्याला कळवूया, नाही जमत म्हणून." मी म्हणाले, नको. बस जाईल. हे मी म्हणाले, तिने नाही.

वर मोठी घळ आहे. तिथे तोचीची जुनी झाडं आहेत. तिथली तोची आम्ही कधी वेचत नाही. माझ्या सासूच्या सासूपासून ती अस्वलांची, असं ठरलेलं. त्यात देवाधर्माचं काही नाही. अस्वलांना वर पोटभर मिळालं तर ती खाली येत नाहीत, एवढंच. तिथे असेल, न वाळवता ओलीच वापरू, असं मी सुचवलं. तेही मीच.

९ ऑक्टोबरला सकाळी गेलो. अस्वलांना चाहूल लागावी म्हणून दोघींच्या कमरेला घंट्या होत्या. घळीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा माझा दम संपला. किनुयो म्हणाली, "तू बस. तुझे कान काही कामाचे नाहीत, पाय तरी वाचव." टोपली घेऊन ती खाली उतरली. मी पाठ टेकायला एक दगड बघून बसले आणि भाताचा गोळा खाल्ला. ऊन छान होतं. मी डोळेही मिटले होते.

बराच वेळ झाला म्हणून उठले. हाका मारल्या. तिची घंटा वाजत असेल तर मला ऐकू येणार नव्हती. आधी डावीकडे शोधलं, चुकीच्या बाजूला. मग खाली गावात आले, तोकुइचीने फोन केला, माणसं यायला अडीच तास लागले. ती सापडली ती मी बसले होते तिथून चाळीस पावलांवर. खाली, कड्याच्या पायथ्याशी, घसरून पडलेली. एक बूट काढून ठेवलेला आणि पायाला स्वतःच्या हाताने टॉवेल बांधलेला. टोपली शेजारी नीट उभी केलेली. भरलेली.

टॉवेल बांधला म्हणजे ती बराच वेळ शुद्धीत होती. डॉक्टर म्हणाले, तास-दीड तास असेल. त्या तासा-दीड तासात तिने मला हाक मारली असणार. तिचा आवाज किती मोठा होता तुला ठाऊक आहे. माझ्या कानाला तोंड लावून ओरडायची तेव्हा तोकुइचीला त्याच्या अंगणात ऐकू जायचं. मी चाळीस पावलांवर बसून जेवत होते.

ती टोपली पोलिसांनी मला आणून दिली. मी ती परत घळीत नेऊन ओतणार होते. पाय चालत नाहीत.

तुला दोष द्यायला बसले होते हे पत्र लिहायला. तो कुठे लिहायचा तेच सापडत नाही. तू मागितलंस, मी हो म्हटलं, ती गेली. बस राहिली का ते तरी कळव. तेवढं मला कळू दे.

हात्सुए


तोगावा, ३ डिसेंबर

आत्या,

बस राहिली नाही. ३१ मार्चला शेवटची.

हे मला ३ ऑगस्टलाच कळलं होतं. ओनुमासाहेबांनी बोलावून सांगितलं, निर्णय वरून आला आहे, शिमोझावापर्यंतच बस ठेवायची, त्यावर नाही, मग माणसं कितीही येवोत. मी विचारलं, "मग वरच्या गावांना काय सांगू?" ते म्हणाले, "आत्ताच सांगितलंस तर ती कामं सोडतील. शरद ऋतू जाऊ दे." मी मान डोलावली. २८ ऑगस्टला तुम्हाला लिहिलं, वातावरण चांगलं आहे. लिहिताना हात थांबला होता. तरी लिहिलं. मला वाटत होतं, टीव्हीवर आलं की वरचे अधिकारी लाजून निर्णय बदलतील. असं मी स्वतःला सांगत होतो. मला खरंच तसं वाटत होतं का, हे आता मलाही सांगता येत नाही.

मी खरं लिहिलं असतं तर तुम्ही घळीत गेला नसता. हे मी तुमचं पत्र आल्यापासून रोज, दाढी करताना, जेवताना, पायऱ्या चढताना म्हणतो. कुणाला म्हणून उपयोग नाही.

अजून सांगायचं आहे. १५ तारखेचं चित्रीकरण झालं. पुढे ढकलता येणार नाही म्हणाले. शेवट शिमोझावात केला. खिंडीपलीकडच्या कारखान्यातून तोचीच्या मोचीची खोकी मागवली, ती मीच मागवली. वेष्टनं काढून बांबूच्या टोपलीत मांडली. सोबाच्या दुकानातल्या बाईने अॅप्रन घालून ती हातात धरली. सूत्रसंचालक मुलगी म्हणाली, "अहाहा, डोंगराची चव!" किनुयोबाईंना जाऊन तेव्हा सहा दिवस झाले होते. मी कॅमेऱ्याच्या मागे उभा होतो आणि छत्री धरली होती.

कार्यक्रम लोकांना फार आवडला. पुढच्या वर्षीच्या सहलींच्या बसफेऱ्या आत्ताच भरल्यात. माझा करार वाढवला. मी सही केली. सोडून देणार होतो, राजीनामा लिहून टेबलाच्या खणात ठेवला होता. पण ओसाकात माझं कुणी उरलं नाही, आणि दुसरं काही काम मला मिळेल असं वाटत नाही. हे कारण पुरेसं नाही, माहीत आहे.

माफी मागतो. ती मागण्याचाही अधिकार नाही, तरी मागतो. माझ्याकडे तोगावात दोन खोल्या आहेत. एक रिकामी आहे. तुम्ही या. मी घ्यायला येतो.

हिदेनोरी


ओकुमाता, १८ मार्च २०१८

हिदे,

तुझं पत्र मिळालं होतं. हिवाळाभर उत्तर लिहायला घेतलं आणि ठेवून दिलं. मग बर्फाने पोस्टवाला तीन आठवडे आला नाही, ते एक बरं झालं.

तोकुइची फेब्रुवारीत मुलीकडे गेला. जाताना गुडघ्याच्या गोळ्या विसरला, त्या माझ्या ओट्यावर आहेत. तो गेल्यापासून मी एकटीच. छपरावरचा बर्फ काढायला कुणी नव्हतं, म्हणून किनुयोच्या घराचं छप्पर फेब्रुवारीअखेर बसलं. आवाज झाला असणार. मला सकाळी दार उघडल्यावर दिसलं.

तुझ्या खोलीत मी येणार नाही. तू चांगल्या मनाने विचारलंस हे कळतं मला. पण आपण दोघं एका घरात बसलो तर ती तिसरी बसेल. रोज सकाळी तुझं तोंड बघायचं आणि तू माझं, हे दोघांनाही झेपायचं नाही. खालच्या वृद्धाश्रमात जागा मिळाली आहे. कचेरीतल्या एका बाईने कागद भरले. ३१ तारखेच्या बसने जाते. खिडकीची जागा मिळेल. मी एकटीच असेन.

तू माफी मागितलीस. मी खूप शोधलं, हिदे. तुझ्यासाठी म्हणून नाही, मलाच ती कुठेतरी ठेवून मोकळं व्हायचं होतं. नाही सापडली. माझ्या स्वतःसाठीही नाही सापडली, तेव्हा तुला कुठून देऊ? तू खोटं लिहिलंस, मी खोटं लिहिलं. दोघांनीही एकमेकांना बरं वाटावं म्हणून लिहिलं. ज्या एकटीने खरं बोलायला सुचवलं होतं तिला आपण वर पाठवलं.

एक काम सांगते, तेवढं कर.

रस्त्यावरचा बर्फ वितळल्यापासून माणसं यायला लागलीत. टीव्हीवर बघून, हातात तुझा नकाशा घेऊन. बसची वेळ जुळत नाही म्हणून खालून चालत येतात, धापा टाकत. सगळी दारं बंद बघून बावरतात. परवा एक तरुण नवरा-बायको किनुयोच्या पडलेल्या घरासमोर उभे राहून हाका मारत होते. तोंडं हलताना दिसली म्हणून कळलं. बाई मोठ्याने हाक मारत होती, तळहात तोंडाशी धरून, मग थोडं थांबून कान देत होती, मग पुन्हा. मी खिडकीतून बघत होते. उठून त्यांना सांगायला जावं असं वाटलं, पण मला उठता आलं नाही. बऱ्याच वेळाने ती गेली.

नवीन नकाशा छापशील तेव्हा आमचं गाव त्यात घालू नकोस. वाट पाच गावांची कर. लोकांना सांग, वर काही नाही.

हात्सुए